विमानात घालायची टोपी

थूल मिस्त्री नव्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहायच्या आधी त्याच्या डोक्याकडे पाहत. हिंगणघाटच्या त्या जिनिंगच्या कारखान्यात मी स्टोअरचा बाबू म्हणून लागलो, त्या पहिल्याच दिवशी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. त्यांना ग्रीसचा डबा हवा होता. पण डबा राहिला बाजूला, ते माझ्या टाळूकडे टक लावून पाहत होते.

“बाबूजी, तुमचं डोस्कं बावीस इंच भरते,” ते म्हणाले. “मधातून जरा उंच आहे.”

मी घाबरून केसांवरून हात फिरवला. शेजारचे कारकून हसले. त्यांना सवय होती.

तेव्हा आम्ही सगळे त्यांना अरे-तुरे करत होतो. ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे होते, तरी मीही करत होतो. आज लिहिताना ते हातून होत नाही.

कारखान्याच्या मालकांकडे, म्हणजे शेठजींकडे, एक विमान होतं. दुसरी मोठी लढाई संपल्यावर सरकारनं मोडीत काढलेल्या विमानांपैकी ते एक, दोन पंखांवर दोन पंख असलेलं, कापडानं मढवलेलं. वर छप्पर नाही. पुढे एक माणूस बसायचा, मागे चालवणारा. शेठजींचा एकुलता एक मुलगा, त्याला सगळे भैयाजी म्हणत, तो नागपूरला विमान चालवायला शिकून आला होता. त्याच्या हौसेसाठी वेणा नदीच्या पलीकडच्या पडीक जमिनीवरची झुडपं तोडली, रोलर फिरवला, एक टिनाची शेड उभारली. विमान सांभाळायला माणूस हवा होता, आणि असा माणूस जिल्ह्यात एकच होता. थूल आंजीकडचे. लढाईच्या वेळी फौजेत भरती होऊन विमानांच्या कारखान्यात फिटर झालेले. बंगालच्या बाजूला कुठल्या तरी धावपट्टीवर तीन वर्षं काढून परत आले, तेव्हा गावात त्यांच्या हातच्या कामाला गिऱ्हाईक नव्हतं. भैयाजींचं विमान आलं आणि मिस्त्री शेडच्या मागच्या खोलीत राहायला आले. बायको लवकर वारली होती. एक मुलगी, सुमन, तिचं लग्न होऊन ती सिंदी मेघेला नांदत होती.

बोटाच्या टिचकीनं ते विमानाचं कापड तपासायचे. सकाळी पंखांखालून चालत जायचे, टिचकी मारायची, कान द्यायचा, पुढे सरकायचं. कुठे आवाज ढिला आला की तिथं खडूनं फुली. पेट्रोल गाळायला शॅमॉयचं कातडं, ते धुऊन वाळवून घडी करून ठेवायचे. हे सगळं आम्हाला कळत होतं. मेकॅनिक माणूस, यंत्राची काळजी घेणारच. कळत नव्हतं ते डोक्याचं वेड.

एकदा मी विचारलं. आम्ही शेडच्या सावलीत बसलो होतो, बाहेर ऊन रणरणत होतं.

“काऊन रे मिस्त्री, सारखं डोस्कं डोस्कं करतोस?”

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. “आमच्या तुकडीत एक मदराशी होता. माह्याच वयाचा, माह्याच कामाचा. आमी दोघांनी मिळून एक इंजन दुरुस्त केलं. साहेब म्हणाला, चला एक जण, हवेत पाहू. आमी चिठ्ठी टाकली. त्याची निघाली.”

“मग?”

“इंजन चांगलं होतं जी. साहेबानं उतरताना धानाच्या बांधीत उतरवलं. लय हळू. बैलगाडी कलंडते ना, तसं. मी धावत गेलो. विमानाचा कपडा फाटला नव्हता. साहेबाचा फक्त हात मोडला. आणि हा समोर पट्टा लावून बसलेला. मले वाटलं, पडून राह्यला, घाबरला असन. अंगावर खरचटलं पण नव्हतं. कपाळ फक्त समोरच्या कडीले लागलं होतं.” त्यांनी आपल्या भुवईच्या वर दोन बोटं ठेवली. “इतकुसंच. हात मोडला त जुळते, बाबूजी. पाय मोडला त जुळते. हे नाई जुळत.”

पुढे ते कितीदा तरी हेच बोलले. ऐकणारे कंटाळून गेले तरी त्यांचा आवाज पहिल्यांदा सांगत असल्यासारखाच असायचा.

भैयाजींसाठी त्यांनी पहिली टोपी बनवली ती चामड्याची. जिनाचे, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांचे, जुने पट्टे स्टोअरमध्ये पडून होते, ते माझ्याकडून मागून नेले. भिजवले, कापले, दुहेरी शिवले, आत सरकी काढलेला कापूस ठासून भरला. वैमानिकांच्या साध्या चामडी टोप्या असतात, कानावर बसणाऱ्या, त्या वाऱ्यापुरत्या. ही टोपी मार झेलणारी होती. ती घेऊन मिस्त्री बंगल्यावर गेले आणि पायरीखाली उभे राहिले. भैयाजींच्या आईंना सगळे माँजी म्हणत. त्यांनी लांबूनच विचारलं, “ये क्या है?” मग म्हणाल्या, “चमडा? सिर पे? और तेरे हाथ का?”

मिस्त्री परत आले. त्या रागाचं त्यांना आश्चर्य वाटलं नव्हतं. त्यांनी त्यातला एकच शब्द उचलला, चामडं. म्हणून दुसरी टोपी त्यांनी चामड्याशिवाय बनवायला घेतली.

ती बनवायला सहा महिने लागले. त्यांना बूच हवं होतं. औषधाच्या बाटल्यांची बुचं. दवाखान्यातून, बंगल्याच्या उकिरड्यावरून, आमच्या घरून, जिथून मिळतील तिथून ती गोळा केली. माझी बायको खोकल्याच्या औषधाचं बूच पदराच्या गाठीत बांधून ठेवायची, “मिस्त्रीले द्या,” म्हणायची. बुचांच्या चकत्या कापून त्यांनी लाकडी साच्यावर सरसानं चिकटवल्या, त्यावर तंबूच्या कापडाचे तीन थर, प्रत्येक थर वाळला की लाख वितळवून वरून फासायची. आत मऊ पट्ट्यांची जाळी, म्हणजे टोपी आणि टाळू यांच्यात बोटभर जागा राहील. हनुवटीखाली सुती पट्टा. दिसायला ती दूध तापवायच्या मातीच्या हंडीसारखी दिसायची, म्हणून कारखान्यात तिचं नाव हंडी पडलं. त्यांनी दोन बनवल्या. एक भैयाजींच्या मापाची आणि एक स्वतःच्या.

वेणेच्या पात्रात टरबुजाच्या वाड्या लागल्या होत्या. एका दुपारच्या सुट्टीत मिस्त्री दोन टरबुजं घेऊन जिनाच्या ओट्यावर चढले. खाली हमाल, रेच्यावर कापूस घालणाऱ्या बाया, आम्ही कारकून, सगळे जमलो. त्यांनी एक टरबूज नुसतंच खाली सोडलं. ते फुटून लाल लाल पसरलं. दुसरं त्यांनी हंडीत बसवलं, पट्टा आवळला आणि सोडलं. हंडी आदळली, उसळली, लोळली. मिस्त्री धावत खाली आले, पट्टा सोडला, आणि टरबूज दोन्ही हातांनी उचलून सगळ्यांना दाखवलं. अख्खं होतं. इतकं खूश मी त्यांना एरवी कधी पाहिलं नाही.

“आता हे पण फोडा ना मिस्त्री!” एक बाई ओरडली. सगळे हसले. दोन्ही टरबुजं खाल्ली गेली.

भैयाजी ऑफिसच्या व्हरांड्यातून पाहत होते. माणूस वाईट नव्हता. देखणा, हसरा, तेल लावून मागे वळवलेले केस, गळ्यात रेशमी रुमाल. ते म्हणाले, “मिस्त्री, माझं डोकं टरबूज वाटलं का रे तुले?”

“नाई जी,” मिस्त्री म्हणाले. “टरबूज बाजारात भेटते.”

भैयाजी खूप हसले, पण टोपी घातली नाही. आधी म्हणाले, जड आहे. मिस्त्रींनी एक थर काढून नव्यानं केली. मग म्हणाले, गरम होते. मिस्त्रींनी कानांवर भोकं पाडली. केस विस्कटतात म्हणाले, तर आत मलमलचं अस्तर लावलं. ऐकू येत नाही म्हणाले, तर कानाजवळचा भाग कापून हलका केला. असं दोन वर्षं चाललं. शेवटी भैयाजींकडची कारणं संपली, आणि त्यानंतर मिस्त्री टोपी पुढे करायचे तेव्हा ते नुसते “राहू दे” म्हणायचे. मिस्त्रींना समजलं होतं. चामडं निघालं होतं. हात त्यांचेच होते. तरी विमान उडायच्या आधी दर वेळी ते टोपी पुढे करायचे. मी विचारलं, “कशाले रे? तो घालत नाही.” ते म्हणाले, “माहं काम देणं आहे.”

छप्पन्नच्या दसऱ्याला ते नागपूरला गेले. पांढरे कपडे शिवून घेतले होते, सुमन आणि जावईही बरोबर होते. चार दिवसांनी परत आले आणि थेट ऑफिसात. सगळ्यांसमोर, हात जोडून, पण मान ताठ ठेवून म्हणाले, “बाबूजी लोकहो, एक विनंती आहे. मले मिस्त्री म्हणा, थूल म्हणा. पण आता अरे म्हणू नका.”

ते गेल्यावर हेडक्लार्क म्हणाले, “घ्या! आता आरती ओवाळा.” दोन दिवस आम्ही त्यांच्याशी बोलणंच टाळलं. तिसऱ्या दिवशी मला ग्रीसच्या डब्याबद्दल सांगायचं होतं आणि तोंडातून सवयीनं “अरे मिस्त्री” निघालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डबा घेतला आणि गेले. पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला निवडणूक आली. शेठजींचा एका उमेदवाराला पाठिंबा होता. कोणाच्या तरी डोक्यात आलं की विमानातून खेड्यापाड्यांवर पत्रकं टाकायची. लोक मान वर करून पाहतील, कायमचं लक्षात ठेवतील. भैयाजींना कल्पना फारच आवडली. पुढच्या खुर्चीत बसून गठ्ठे सोडून टाकणारा कोणी तरी हवा होता. हेडक्लार्कनी माझं नाव दिलं.

मी नाही म्हणू शकलो नाही. घरी दोन लहान मुलं, नोकरी नवी नव्हती पण पक्कीही नव्हती. सकाळी नदीपलीकडच्या धावपट्टीवर गेलो. पत्रकांचे गठ्ठे पुढच्या खुर्चीत भरलेले होते. भैयाजी मागे चढून बसले होते, चष्मा डोळ्यांवर ओढत होते. इंजिन चालू करायला पुढचा पंखा हातानं फिरवावा लागे, तो अजून फिरवायचा होता. मिस्त्री दोन्ही हंड्या घेऊन आले.

आधी भैयाजींकडे गेले. मी विमानाच्या पंखाला धरून उभा होतो. मिस्त्री म्हणाले, आणि रोजच्यापेक्षा मोठ्यानं म्हणाले, “भैयाजी, आज गावावरून खाली उडणार. झाडं आहेत. आज तरी घाला जी. हात जोडतो.”

भैयाजी म्हणाले, “मिस्त्री, डोकं माझं आहे. तू पंखा फिरव.”

मग मिस्त्री माझ्याकडे वळले. दुसरी हंडी, त्यांची स्वतःची, माझ्यापुढे धरली. “बाबूजी, ही घाला. बावीसले जरा मोठी होईन, पण पट्टा आवळून देतो.”

मी ती हातात घेतली. आतलं अस्तर त्यांच्या घामानं काळपट झालेलं होतं. मी ती उलटी केली, सरळ केली. दूर उभे असलेले कारखान्यातले लोक पाहत होते. मला वाटतं मी फार तर पाच-सहा श्वास थांबलो असेन.

मिस्त्रींनी ती माझ्या हातातून परत घेतली. ओढून नाही, सावकाश. “राहू द्या,” ते म्हणाले. “लेकरंवाले माणूस तुमी. मी जातो.”

त्यांनी हंडी डोक्यावर चढवली, पट्टा लावला, पंखा फिरवला, चौकीदाराला चाकांखालचे ठोकळे काढायला सांगितले आणि पुढच्या खुर्चीत चढले. ज्या उमेदवाराची पत्रकं होती त्याला त्यांचं मत जाणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

विमान आंजीच्या बाजूला गेलं. दोन गावांवर पत्रकं पडली. पोरं धावली, माणसं घरांवर चढली. ते पाहून भैयाजी आणखी खाली आले. तिसऱ्या गावाच्या गोठणाजवळ, गुरं बसतात तिथं, एक बाभूळ होती. चाक तिच्या शेंड्याला लागलं. विमान फिरलं आणि तुरीच्या वावरात पडलं. पाहणाऱ्यांनी सांगितलं, फार जोरात नाही पडलं. पेटलं नाही. कागद मात्र कितीतरी वेळ उडत राहिले.

मिस्त्रींचा उजवा पाय मांडीत मोडला होता. हंडीला पुढच्या बाजूनं आडवी चीर गेली होती, आतलं बूच दिसत होतं. ते शुद्धीवर होते. लोकांना सांगत होते, मले नंतर काढा, भैयाजीले पाहा. भैयाजींना दोघांनी उचलून बाहेर काढलं. रेशमी रुमाल तसाच होता. अंगावर कुठं जखम नव्हती. कपाळावर होती.

भैयाजी वर्ध्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले.

त्यानंतर जे झालं ते मी अजून नीट समजावून सांगू शकत नाही. पहिले दोन दिवस सगळा गाव नुसता रडत होता. तिसऱ्या दिवशी कोणी तरी म्हणालं, “मालक मेला आणि मिस्त्री वाचला. कसा?” चौथ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. मिस्त्रीनं टोपी घातली होती. काऊन घातली होती? त्याले मालूम होतं, विमान पडणार. आपली तयारी करून बसला. ऐन वेळी बाबूला थांबवून स्वतः बसला, म्हणजे कोणाला शंका येऊ नये. दसऱ्याला धरम बदलून आला, मत दुसरीकडे आहे, माँजीनं त्याले एकदा बोल लावला होता. सगळं जुळत गेलं. ज्यांनी जिनाच्या ओट्याखाली टरबूज खाल्लं होतं, तेच हे बोलत होते.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले. शेठजींच्या ऑफिसातच बसले होते. शेठजी शेजारच्या खोलीत, दार उघडं. मला बोलावलं.

“उड्डाणाच्या आधी मिस्त्रीनं वैमानिकाला टोपी देऊ केली होती का? तुम्ही जवळ होता.”

मी होतो. मी ऐकलं होतं. ‘हात जोडतो’ हे शब्दसुद्धा मला ऐकू आले होते. उघड्या दारातून शेठजींचा हात दिसत होता, खुर्चीच्या दांडीवर ठेवलेला. तो हात हलत नव्हता.

“इंजिन चालू होतं साहेब,” मी म्हणालो. “काही ऐकू आलं नाही.”

“तुम्ही जाणार होतात ना? मग का गेला नाहीत?”

“मिस्त्री म्हणाला, मी जातो.”

हे खोटं नव्हतं. मी बाहेर आलो आणि स्टोअरमध्ये जाऊन बसलो. त्या दिवशी मी कोणाशी बोललो नाही, पण दुसऱ्या दिवशी बोललो, आणि त्याच्या पुढच्या दिवशी हसलोही असेन.

चौकशीचा निकाल काय लागला ते आम्हाला कधी कळलं नाही. बहुतेक त्यात बाभळीचंच नाव असावं. पण मिस्त्री दवाखान्यातून सुटले तेव्हा शेडला कुलूप होतं आणि त्यांचं सामान रस्त्याच्या कडेला ठेवलेलं होतं. जावई बैलगाडी घेऊन आले, त्यांना सिंदी मेघेला घेऊन गेले. विमानाची हाडं पावसाळ्यापर्यंत त्याच वावरात होती. शेठजींनी पुन्हा विमान घेतलं नाही. पट्टीवर परत बोराटीची झुडपं आली.

मी त्यांना भेटायला जायला दीड वर्ष लावलं. कामानं वर्ध्याला गेलो होतो, घरचा स्टोव्ह बरोबर होता. त्याचा पंप धरत नव्हता. सिंदी मेघेत कोणी तरी पाय लांब करून बसणारा म्हातारा स्टोव्ह-कंदील चांगले दुरुस्त करतो, असं स्टेशनजवळच्या दुकानदारानं सांगितलं. कोण ते मला लगेच कळलं. खरं तर त्यांच्याकडे जायला निमित्त हवं म्हणूनच मी स्टोव्ह आणला होता.

अंगणात बसले होते. मोडलेला पाय वाकत नव्हता, पुढे सरळ ठेवलेला. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, “या बाबूजी” म्हणाले आणि स्टोव्हसाठी हात पुढे केला. डोक्याकडे पाहिलं नाही.

“लेकरं काय करून राह्यली?”

“शाळेत जातात दोघं.”

“बरं झालं.”

त्यांनी पंप काढला, आतलं चामडं बाहेर काढून तेलात बुडवलं. मी समोर उकिडवा बसलो होतो. सुमन दारात आली, माझ्याकडे पाहून आत गेली. मी शब्द जुळवत होतो. शेवटी जे निघालं ते असं निघालं:

“मिस्त्री, मी ऐकलं होतं. तुम्ही भैयाजींना काय म्हणालात ते. मी साहेबांना सांगितलं, इंजिन चालू होतं.”

ते चामडं पिळत होते. हात थांबले नाहीत.

“इंजन बंद होतं,” ते म्हणाले. “पंखा फिरवायचाच होता. मीच फिरवला ना.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“त्या साहेबानं दवाखान्यात येऊन मले वाचून दाखवलं जी. कोण काय बोललं ते.”

“मी आता लिहून देतो. शेठजींना सांगतो. कोणाला म्हणाल त्याला सांगतो.”

त्यांनी पंप जागेवर बसवला, चार वेळा दाबून पाहिला. हवा धरत होती. मग माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

“कोणाले सांगता?” ते म्हणाले. “जो गेला तो गेला. ज्याले मालूम होतं त्याले मालूमच आहे. बाकीच्याईले ऐकायचं नाई.”

स्टोव्ह माझ्या हातात दिला. मी काय द्यायचं ते विचारलं, त्यांनी मान हलवली. मी उठलो. अंगणाच्या कडेला आणखी एक बाई कंदील घेऊन थांबली होती, त्यांनी तिला हातानं जवळ बोलावलं.

कोपऱ्यावरून मी वळून पाहिलं. त्यांनी कंदिलाची काच काढून उन्हासमोर धरली होती, आणि एक डोळा मिटून ती हळूहळू फिरवत, तडा कुठून गेला ते शोधत होते.